टोकाची पवनचक्की

१

मोहिनीचं काम ऐकणाऱ्याला विचित्र वाटायचं, तिला कधी वाटलं नाही. रोज सकाळी कारंज्याहून स्कूटीनं धामकुंडच्या माळावर चढायचं, एकेका पवनचक्कीच्या पायथ्याशी गोल गोल फिरायचं आणि पात्यांना धडकून मेलेले पक्षी हुडकायचे. सापडला की फोटो काढायचा, कुठला पक्षी ते मोबाइलमध्ये टाकायचं आणि तो तसाच जागेवर ठेवून पुढे जायचं. नागपूरच्या एका संस्थेनं तिला त्यासाठीच नेमलं होतं. शेजारच्या टेकडीवर आणखी पवनचक्क्या उभ्या करायचं कंपनीच्या मनात होतं आणि त्या उभ्या राहाव्यात की नाही, हे बरंचसं मोहिनीच्या अहवालावर ठरणार होतं.

ती मूळची देवळीची. बापाचं कापडाचं दुकान. घरात पक्ष्यांशी कुणाचा काडीचा संबंध नाही. हिला मात्र कॉलेजात असताना तो नाद लागला तो लागलाच. ठरत आलेलं लग्न मोडलं, त्याचा दोषही घरचे तिच्या दुर्बिणीलाच देत. कारंज्यात लीलाबाई म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या माडीवरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. सकाळी लीलाबाई डबा भरून देत आणि संध्याकाळी ती परतली की न चुकता विचारत, "आज किती मेले वो?" भाजीचा भाव विचारावा तसं.

सांगण्यासारखं पुष्कळ असायचं. कधी घार, पंख एकीकडे आणि धड दुसरीकडे. कधी चंडोल, भारीट, एकदा एक कापशी, अंगावर ओरखडासुद्धा नाही, लाल डोळे उघडे. सवयीनं माणूस घट्ट होतो म्हणतात. मोहिनी झाली नव्हती. पण काम नीट झालं तर शेजारची टेकडी वाचेल, या हिशेबावर ती रोज वाकून वाकून गवत बघत राहायची.

फक्त एका पवनचक्कीखाली तिला कधी काही सापडलं नाही. माळाच्या पूर्वेच्या अगदी टोकावर, जिथून पुढे जमीन एकदम खाली उतरते, तिथे ती एकटीच उभी होती. सगळे तिला टोकाची म्हणत. खालून वारा उतार चढून वर येतो आणि त्या वाऱ्यावर घारी, शिक्रे पंख न हलवता तरंगत राहतात. म्हणजे सगळ्यांत जास्त पक्षी तिथेच मरायला हवेत. तिथे तर एक पीसही पडलेलं नसायचं. जमीन झाडून ठेवल्यासारखी.

आधी मोहिनीला बरं वाटलं. मग वाटायला लागलं, कुणीतरी खरंच झाडून ठेवतं आहे.

२

संशय घ्यायला माणूस समोरच होता. श्रावण. माळावरचा चौकीदार, पन्नाशी उलटलेला, खालच्याच गावचा. टोकाच्या पवनचक्कीच्या अलीकडे त्याची पत्र्याची खोली होती आणि तो तिथे एकटा राहायचा. मोहिनी यायच्या आधी मेलेले पक्षी उचलून टाकायला त्याच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. कंपनीनं सांगितलं असेल, यानं ऐकलं असेल.

तिनं सरळ साइट इंजिनिअरला गाठलं. चंदन त्याचं नाव. अमरावतीचा, तिच्याच वयाचा, आवाज कधी न चढवणारा. त्यानं हसून सांगितलं की टोकाच्या पवनचक्कीखाली काही सापडत नसेल तर ती आनंदाचीच गोष्ट आहे, आणि श्रावणला पक्षी उचलायला लावण्याइतका रिकामा वेळ कंपनीकडे नाही. उत्तर बिनचूक होतं. फक्त ते देताना तो तिच्याकडे न बघता खिडकीच्या बाहेर बघत होता, आणि त्या खिडकीतून टोकाचीच पवनचक्की दिसायची.

मोहिनीनं मग या कामातली नेहमीची परीक्षा लावली. मेलेलं पाखरू माळावर किती टिकतं, ते कोण नेतं, हे कळावं म्हणून मेलेल्या कोंबड्या मुद्दाम ठेवून बघतात. हायवेवरच्या पोल्ट्रीतून तिनं तशा कोंबड्या आणल्या आणि प्रत्येक पवनचक्कीखाली एक ठेवली. दुसऱ्या दिवशी बाकी ठिकाणी व्हायचं तेच झालं होतं. कुत्र्यांनी ओढलेली, कावळ्यांनी टोचलेली, पिसं गवतात अडकलेली. टोकाच्या पवनचक्कीखालची कोंबडी नव्हती. रक्ताचा डाग नाही, ओढत नेल्याची रेघ नाही. भुसभुशीत मातीवर फक्त मोहिनीच्याच बुटांचे ठसे, येतानाचे आणि जातानाचे.

चहाच्या निमित्तानं ती श्रावणच्या खोलीत शिरली. आत अंधार होता. खिडकी एकच, पूर्वेकडे, आणि तिच्यात बारदान्याचे बोळे कोंबलेले. खाट खिडकीपासून सरकवता येईल तितकी लांब सरकवलेली. रेडिओ मोठ्यानं लागला होता, पण स्टेशन लावलेलं नव्हतं, नुसती खरखर. दाराबाहेर बकऱ्यांचे खुंटे होते आणि त्यांना दोर अजून बांधलेले होते.

बकऱ्या कुठे गेल्या, असं तिनं विचारलं, तर श्रावण स्टोव्हवरची नजर न काढता म्हणाला, "इकल्या."

दोरांची टोकं तिनं आत येतानाच पाहिली होती. ती सोडलेली नव्हती, कापलेलीही नव्हती. पीळ उसवून तुटलेली होती.

कोंबडीचं विचारल्यावर कुत्र्यानं नेली असंल म्हणाला. टोकाकडे कुत्रं जाताना मोहिनीनं कधी पाहिलं नव्हतं. मधेच रेडिओ आपोआप बंद पडला. श्रावण सेल शोधायला लागला आणि तेवढ्या वेळात तिला बाहेरचा आवाज ऐकू आला. पातं हवा कापत खाली येतं तो आवाज एव्हाना तिच्या कानात बसला होता. तीन पाती, एकामागोमाग तीन आवाज, त्यात कधी फरक नाही. इथे दर तीन आवाजांमागे आणखी एक येत होता. हलका, दबका, कुणी ओलं लुगडं झटकावं तसा.

श्रावणनं घाईघाईनं सेल बसवले आणि खरखर पुन्हा सुरू झाली.

पत्र्यावरून उलटून येत असेल, असं मोहिनीनं स्वतःला समजावलं. घाट उतरताना तिला सुचलं की पत्रा उलटवेल तर सगळेच आवाज उलटवेल, एकच काय म्हणून?

३

श्रावणला रंगेहाथ धरायचं तिनं ठरवलं. टोकाच्या उत्तरेला दगडांची एक रास होती, पवनचक्की उभी करताना उकरून टाकलेली. तिच्याआड बसलं की एका बाजूला पवनचक्की दिसे आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेली कापसाची शेतं. एका दुपारी स्कूटी दूर पळसाच्या झाडाखाली लावून ती तिथे जाऊन बसली.

उन्हं कलायला लागल्यावर श्रावण आला. पाठीवर पोतं होतं. तो सगळा माळ फिरून आलेला दिसत होता. पवनचक्कीच्या पायथ्याशी बसून त्यानं पोत्यातून एकेक गोष्ट बाहेर काढली आणि मोहिनीनं दुर्बीण डोळ्याला लावली.

सकाळी तिनं फोटो काढलेली घार होती ती. तो चंडोल, ती दोन भारिटं. बाकीच्या पवनचक्क्यांखालचे पक्षी यानं गोळा केले होते. ते तो उचलून नेत नव्हता. इथे आणून ठेवत होता. देवापुढे नैवेद्याचं ताट ठेवावं तसे त्यानं ते ओळीनं मांडले, पोतं झटकलं आणि मान खाली घालून निघाला. एकदासुद्धा वळून पाहिलं नाही.

मोहिनीनं दुर्बीण हलवली नाही. कुत्रं, कोल्हा, माणूस, जे कोण येईल ते आज दिसणारच होतं. वारा होता, पाती फिरत होती. तेवढ्यात तिच्या मागे खडकात एक टिटवी कर्कश ओरडली. मोहिनी दचकून वळली. वळली आणि पुन्हा पुढे पाहिलं, एवढाच काय तो वेळ गेला.

पायथ्याशी काही नव्हतं.

ती उठून धावत गेली. माती तशीच, श्रावणचे ठसे तसेच. मागे टिटवीचा आवाज थांबला होता. आता दर तीन आवाजांमागे चौथा येत नव्हता, हेही तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचाच तिला राग आला.

खोलीपाशी तिनं श्रावणला अडवलं. चिडली की ती घरच्या बोलीवर येई.

"मले वाटलं तुमी पक्षी लपवून राह्यले. तुमी तं तिथं नेऊन ठेवून राह्यले. काऊन?"

श्रावणनं पोत्याची घडी घातली. घडी पुन्हा उलगडली. "देतो मी, मॅडम."

"कोणाले?"

तो उताराकडे कान देऊन उभा राहिला. खालच्या शेतात कुठेतरी तितर बोलत होता.

"देल्लं का खालचे तितर बोलते," तो म्हणाला. "नाई देल्लं तं कोणीच बोलत नाई."

४

माणूस एकटा राहिला की असं काहीतरी डोक्यात घेतो, हे मोहिनीला पटत होतं. पण मेलेली पाखरं गेली कुठे, याला ते उत्तर नव्हतं. चौकशी करता करता तिला कळलं की टोकाच्या पवनचक्कीवर चढून काम करणारा मुकेश नावाचा एक मेकॅनिक होता. एक दिवस तो वरून उतरला, हेल्मेट तिथेच ठेवलं आणि परत आला नाही. आता सेलूला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. रविवार बघून ती बसनं सेलूला गेली.

मुकेश तिशीतला, हाताला काळं तेल लागलेला. पवनचक्कीचं नाव काढल्यावर त्यानं गिऱ्हाइकाला उद्या येजो म्हणून वाटेला लावलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. वर काय पाहिलं, हे तिनं फिरवून फिरवून विचारलं. तो म्हणाला, काही नाही. वरचं झाकण उघडून डोकं बाहेर काढलं होतं, वारा जास्त होता, उतरलो. मग बराच वेळ तांब्याची तार बोटावर गुंडाळत बसला.

"पक्षी पात्याले धडकून मरते, हे बराबर आहे," तो शेवटी म्हणाला. "पण धडकायच्या आधी तो पळत असते. तुमी सगळे लोक पाहता का कोणत्या पात्याले धडकला. कोणापासून पळत होता, हे कोणी पाहत नाई."

क्षणभर मोहिनीला ते खरं वाटलं. पण तिनं लगेच दुकानात नजर फिरवली आणि कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली एक मोठी मोटर तिला दिसली. तिच्यावर कंपनीचं स्टिकर होतं. म्हणजे नोकरी सोडली तरी संबंध सुटलेला नव्हता.

ती निघताना मुकेशनं विचारलं, "ते बंद तं नाई ना ठेवून राह्यले?"

नेमकं तेच होणार होतं. हिवाळा लागला होता, भोरड्यांचे थवे यायचे दिवस. थवे जाईपर्यंत सगळ्या पवनचक्क्या बंद ठेवाव्यात, अशी मागणी मोहिनीनं संस्थेमार्फत लावून धरली होती आणि ती नुकतीच मान्य झाली होती. तिनं मुकेशला काही सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये तिला सगळं चित्र स्पष्ट दिसायला लागलं. चौकीदार भीती घालतो, जुना मेकॅनिक भीती घालतो, आणि दोघांच्याही बोलण्याचा शेवट एकच: पवनचक्क्या चालू राहिल्या पाहिजेत. याहून कंपनीच्या सोयीचं भूत कुठलं असणार?

तिला एकदम हलकं वाटलं. भुतापेक्षा लबाड माणूस परवडतो.

५

बंदीच्या आदल्या दिवशी चंदननं तिला ऑफिसात बोलावलं. बाकी सगळ्या बंद ठेवू, टोकाची तेवढी चालू राहू द्या, असं त्याचं म्हणणं. कारण विचारलं तर बेअरिंगचं काहीतरी सांगायला लागला, मग मधेच थांबला. मोहिनीनं साफ नकार दिला. सगळ्यांत धोक्याची तीच आहे, आणि तीच चालू ठेवायची असेल तर बंदीला अर्थ काय, असं तिनं ठणकावलं. चंदननं वाद घातला नाही. वाद न घालणं हेही तिला डावपेचातलंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी माळ थांबला. पाती कडेनं वळवून वाऱ्याला धार दाखवत उभी राहिली. इतके दिवस ज्या आवाजाखाली सगळं दबलेलं होतं तो गेला आणि गवताची सळसळ, दूर हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न, सगळं ऐकू यायला लागलं. एकाही पवनचक्कीखाली एकही मेलेला पक्षी नव्हता. संध्याकाळी लीलाबाईंनी विचारल्यावर मोहिनीनं पहिल्यांदाच हसून सांगितलं, "आज कोणीच नाई."

श्रावण रिकामं पोतं घेऊन तिच्यापाशी आला. कोंबड्या आणायची परवानगी मागत होता. ती म्हणाली, आता मधेच काही ठेवलं तर तिच्या सगळ्या कामाचा विचका होईल. तुम्हाला कंपनीनं शिकवून पाठवलंय का? श्रावणनं तिच्याकडे असं पाहिलं की तिला पुढचं बोलवेना. पण तिनं परवानगी दिली नाही.

त्यानंतर माळ एकेक करून गप्प होत गेला. आधी खालचे तितर. मग टिटव्या. रस्त्याकडेच्या बाभळीवर सातभाईंचा कलकलाट असायचा, एका सकाळी तोही नव्हता. पक्षी मरून पडलेले नव्हते, नव्हतेच. थंडीचा कडाका वाढलाय, हललेले असतील, असं मोहिनीनं संस्थेला फोनवर कळवलं. सांगताना स्वतःचा आवाज तिला चंदनसारखा ऐकू आला.

आणि एका दुपारी, टोकाच्या पवनचक्कीखालून फिरताना, वर तिन्ही पाती दगडासारखी स्थिर उभी असताना, तिला तो आवाज आला. एकच. हलका, दबका, झटकल्यासारखा. थोड्या वेळानं पुन्हा. तिनं मोबाइलवर तो धरायचा प्रयत्न केला; परत लावून ऐकलं तर नुसता वारा. तिनं मान वर करून नीट पाहिलं. पांढरा खांब, तीन पाती, निळं आभाळ. दिसायला काही नव्हतं. पण मान खाली करताना तिला असं स्पष्ट वाटलं की आपण नजर काढून घेतली ते वरच्या कुणालातरी कळलं.

६

भोरड्या आल्या त्या दिवशी ती दगडांच्या राशीआड बसली होती. ऊन तिरपं झालं होतं. दक्षिणेकडून आधी एक धूसर डाग आला, मग त्याचा थवा झाला. गुलाबी-काळ्या पाखरांचा, आभाळात चादर झटकावी तसा वळत, मिटत, उलगडत. ज्वारीच्या शोधात चालला होता. पवनचक्कीपासून चांगला दूर होता आणि पाती बंद होती. मोहिनीला आनंदानं गहिवरून आलं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

थवा एकाएकी आकसला.

शिक्रा मागे लागला की भोरड्या अशा गोळा होतात, एकमेकींत शिरतात. मोहिनीनं दुर्बिणीतून आभाळ पालथं घातलं. शिक्रा नव्हता, ससाणा नव्हता. तरी थवा जीव घेऊन पळत होता, डावीकडे वळू बघत होता आणि वळू शकत नव्हता, उजवीकडे झुकत होता आणि पुन्हा लोटला जात होता. कुणीतरी मेंढरं वाड्याकडे हाकावीत तसा तो टोकाच्या पवनचक्कीकडे हाकला जात होता.

मुकेशचं बोलणं तिला आठवलं.

थवा स्थिर पात्यांपाशी पोचला. पात्यांना कुणी धडकलं नाही. दोन पात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून पहिली पाखरं शिरली, आणि पलीकडे निघाली नाहीत. मागची शिरली, तीही निघाली नाहीत. आवाज नाही, पीस उडालं नाही, खाली काही पडलं नाही. भांड्यातून पाणी ओतावं तसा तो सगळा थवा त्या रिकाम्या जागेत गेला आणि संपला.

सूर्य डोळ्यांवर येत होता. मोहिनीला वर बघवेना. तिनं तोंड फिरवलं, आणि खालच्या उतारावर, कापसाच्या शेतावर लांबच लांब पडलेली पवनचक्कीची सावली तिला दिसली. खांबाची काळी रेघ. तिच्या टोकाला तीन पाती, थांबलेली.

आणि त्यांच्या मधे, तशीच लांब, तशीच निमुळती, चौथी.

हा खांबाचाच दुसरा भाग असेल, दोन सावल्या एकमेकींवर पडल्या असतील, असं तिचं डोकं अजूनही जुळवत होतं. तेवढ्यात चौथी सावली मधोमध वाकली. सावकाश, पोट भरलेलं जनावर पाय आवरून घेतं तशी ती स्वतःत मिटली आणि खांबाच्या रेघेला जाऊन चिकटली.

श्रावणच्या खोलीपर्यंत मोहिनी कशी पोचली, तिला कळलं नाही. तो आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. रेडिओ बंद होता. सेल संपले असावेत. पत्र्यावर काही नव्हतं, खिडकीशी काही नव्हतं. फक्त तो आवाज होता, आणि तो आता वरून येत नव्हता. खांबाच्या निम्म्यावरून येत होता.

"फोन लावा, मॅडम," श्रावण भिंतीलाच म्हणाला.

ती थांबली. पवनचक्क्या चालू करायच्या म्हणजे रोजच्या घारी, रोजचे चंडोल, तिनं इतके दिवस वाकून वाकून पाहिलेलं ते सगळं पुन्हा. आणि ते मागायचं कुणी, तर तिनंच. पण त्या मरणाला निदान एक माप होतं. आज थवाच्या थवा गेला होता.

तिनं चंदनला फोन लावला आणि सगळ्या पवनचक्क्या सुरू करा म्हणून सांगितलं.

चंदननं कारण विचारलं नाही. "टोकाचीसुद्धा?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पोतं श्रावणभाऊंकडे आहे. त्यांना आता झेपत नाही."

७

ती सकाळी चढून आली तेव्हा माळ पुन्हा घुमत होता. वारा रात्रीतून फिरला होता. सगळ्या पवनचक्क्यांनी तोंडं उगवतीकडे केली होती. श्रावणच्या खोलीला कुलूप होतं. खाट नव्हती, रेडिओ नव्हता. दाराच्या कडीला पोतं अडकवलेलं होतं.

मोहिनीला तो पळून गेला याचा राग आला नाही. तिनं पोतं खांद्यावर टाकलं आणि एकेक पवनचक्की धुंडाळायला लागली. पहिल्या पवनचक्कीखाली काही नव्हतं. दुसरीखाली नव्हतं. ती गवत पायानं बाजूला सारत गेली, खडकांच्या सांदीत बघितलं, ज्या जागा कधी बघायची गरज पडली नव्हती त्याही बघितल्या. रात्रभर पाती फिरली होती, पण मरायला माळावर पक्षी उरले होते कुठे? आभाळात घार नव्हती. झुडपात किलबिल नव्हती. मेलेलं पाखरू सापडावं म्हणून आपण मनातल्या मनात देवाचा धावा करतो आहोत, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला रडू फुटलं, आणि रडत रडतच ती शोधत राहिली.

शेवटी एक भारीट सापडलं. मुठीत मावेल एवढं, वजन म्हणावं तर नाहीच.

ते घेऊन ती टोकाच्या पवनचक्कीपाशी गेली. श्रावणसारखीच वाकली, पाखरू मातीवर ठेवलं, मान खाली घातली आणि वळून चालायला लागली. सूर्य पाठीशी होता. तिची सावली पुढे लांब पडली होती आणि तिच्याही पुढे, श्रावणच्या खोलीच्या पत्र्यावरून, पात्यांच्या सावल्या फिरत जात होत्या. पाहायचं नाही असं ठरवूनही ती पाहत होती. एक गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. पुन्हा पहिली.

तीनच होत्या. तिनं परत मोजल्या. तीनच.

तिला सुटल्यासारखं वाटलं. घेतलं असेल, गेलं असेल, कालच्या थव्यानं पोट भरलं असेल. पावलं आपोआप हलकी पडली. आणि मग तिच्या कानांनी तिच्याआधी हिशेब केला: वर फक्त तीनच आवाज होते, आणि चौथा, तो ओलं कापड झटकल्यासारखा, मागून येत होता. मातीवरून. भारीट ठेवलं होतं तिथून, मग तिथून थोडा अलीकडून.

मोहिनी वळली नाही. ती पळालीही नाही. पळणाऱ्याचं काय होतं, ते तिनं काल पाहिलं होतं. समोर तिची स्वतःची सावली तिच्याच चालीनं जात होती, आणि त्या सावलीच्या खांद्यामागून एक लांब, निमुळती सावली निघाली, पुढे आली आणि तिच्या पावलाशी पाऊल मिळवत तिच्या बाजूनं चालू लागली.

पोतं रिकामं होतं. तरी तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं, आणि आत अजून काहीतरी शिल्लक आहे अशा बेतानं ती हळूहळू चालत राहिली.